लोखंडाला तेल

२४ सप्टेंबर, बुधवार

ही वही शिवांगीने दिली. वही कसली, बॅटरीच्या दुकानात नव्या वर्षाला फुकट वाटतात ती डायरी. पानापानाखाली बॅटरीचं चित्र. नऊ महिने कपाटात पडून होती. म्हणाली, "आजी, तू दिवसभर गोष्टी सांगतेस आणि मी असते गाडीखाली. निम्मं ऐकूच येत नाही. लिहून ठेव, सवडीने वाचीन." वाचणार नाही हे मला ठाऊक आहे. बरंच झालं, मोकळेपणाने लिहिता येईल.

मी चौथी पास. पाचवीत नाव घातलं होतं, पण तेवढ्यात धाकटा भाऊ झाला आणि त्याला सांभाळायला मला घरी ठेवली. तो भाऊ आता पासष्टीला टेकलाय आणि फोनवर माझ्या चुका काढतो. असो.

तर शिवांगी माझी नात, रणवीरची मुलगी, तेवीस वर्षांची. गाड्यांचा डिप्लोमा केला. दोन वर्षं एका मोठ्या वर्कशॉपात होती, तिथे तिला काउंटरवर बसवली, फोन घ्यायला. आत गाडीवर काम द्या म्हणाली तर हसले मेले. जूनमध्ये सोडून आली आणि आमच्या बडोद्यातल्या तरसालीच्या टेनामेंटच्या, म्हणजे जोडघराच्या, पोर्चमध्येच काम मांडलं. सगळी गाडी नाही, फक्त ब्रेक. पाटी स्वतः रंगवली. अक्षर माझ्यासारखंच आहे, तिरकं.

रणवीर म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघतो. नाही चाललं तर परत काउंटर. त्यांनी जागा ठेवलीय, मी बोलून ठेवलंय." त्याची स्वतःची गाडी लिंबाखाली रस्त्यावर उभी असते आणि दुरुस्तीला जाते मकरपुऱ्याला, मित्राकडे. घरच्या पोर्चमध्ये नाही. पोरगी काही बोलत नाही. मीच बोलते, पण माझं कोण ऐकतं.

२७ सप्टेंबर, शनिवार

मला आता आवाज ओळखता येतात! ओटल्यावर, दारापुढच्या कट्ट्यावर, शेंगा सोलत बसते आणि गाडी गेटात वळली की सांगते.

चीं चीं आलं तर पॅड झिजत आला. पॅड म्हणजे ते जाड ठोकळे, दोन बाजूंनी चाकातल्या लोखंडी थाळीला चिमट्यासारखे धरतात, म्हणजे गाडी थांबते. थाळीला डिस्क म्हणायचं. पॅडला एक बारीक पत्री मुद्दाम लावलेली असते, पॅड संपत आला की ती थाळीला घासून ओरडते. किती शहाणपणाची गोष्ट! माणसाला अशी पत्री असती तर ह्यांचं दुखणं वेळेवर कळलं असतं.

घर्रर्र आलं तर पॅड संपला, लोखंड लोखंडाला लागलं, दुधाचं पातेलं कालथ्याने खरवडल्यासारखं. आणि आवाज नाही, पण ब्रेक दाबताना पायाखाली थरथर आली तर डिस्क कुठे जाड कुठे पातळ झालेली. मी म्हटलं लोखंड कसं गं असं होईल? तर म्हणते, "तुझा जुना तवा आठव. एकीकडे भाकरी करपते, दुसरीकडे कच्ची राहते." लगेच समजलं. हिने शाळेत शिकवायला हवं होतं, पण ते काम माझी सून मोहना करते आणि संध्याकाळी घरी येऊन कोणाशी बोलत नाही.

आज एक जण आला, "मिस्त्री कुठे आहे?" शिवांगी गाडीखालून म्हणाली, "बोला." तो वाकून बघून म्हणाला, "पछी आवीश." नंतर येतो म्हणे. आला नाही. आठवड्यातला हा तिसरा.

१ ऑक्टोबर, बुधवार

मोठी बातमी. रावपुऱ्याचा रमाकांत आला होता. त्याची आई आणि मी एका भजनी मंडळात होतो, त्यामुळे मला काकू म्हणतो. त्याच्या नऊ गाड्या आहेत, कंपन्यांच्या लोकांना ने-आण करतात. एक गाडी परवा ठेवून गेला होता, आज बघायला आला. म्हणाला, "शिवांगीबेन, ही नीट झाली तर नऊच्या नऊ तुझ्याकडे. नाही झाली तर काकूंच्या हातचा चहा प्यायला येत जाईन, गाडी नाही आणणार."

पोरगी हसली, पण कान लाल झाले. नऊ गाड्या म्हणजे बापाला उत्तरच.

त्या गाडीचा पायाखाली थरथरायचा रोग होता. तिने डिस्कची जाडी मापून बघितली. डिस्कवर आकडा कोरलेला असतो, त्याहून पातळ झाली तर लेथवर घासून सरळ करता येत नाही, बदलावीच लागते. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना नव्या डिस्क, नवे पॅड. एका बाजूचं खराब असलं तरी जोडीनेच बदलायचं, नाहीतर दोन्ही चाकं सारखी थांबत नाहीत.

नव्या डिस्क खोक्यातून निघाल्या त्या तेलाने माखलेल्या. इतकं छान तेल लावून दिलेलं कंपनीने, आणि ही फवारा मारून तीन तीनदा पुसतेय! मी म्हटलं, "अगं, दिलेलं तेल कशाला पुसतेस?" तिने गाडीखालून काहीतरी सांगितलं, मला ऐकू आलं नाही.

संध्याकाळी गाडी धुतली. डावं चाक अजून काढलेलंच आहे. म्हणाली, "उद्या उजेडात बसवीन, मग एक फेरी मारीन, मगच देईन."

२ ऑक्टोबर, दसरा

दमले, पण लिहिते. आज माझ्या हातून चांगलं काम झालं.

सकाळी ह्यांच्या पणजोबांची तलवार काढली. गायकवाडी फौजेतली. दर दसऱ्याला मी तिला तिळाचं तेल लावते, मग हळदकुंकू. बावन्न वर्षं झाली, एक ठिपका गंज नाही. आमच्या घराण्यात नवऱ्यांची तब्येत बिघडली, जमिनी गेल्या, पण शस्त्राला गंज कधी नाही.

शिवांगी झेंडू आणि फाफडा-जलेबी आणायला गेलेली. आज सगळं बडोदं फाफड्याच्या रांगेत असतं, तिला वेळ लागणार हे उघड होतं. मी गाडीच्या बोनेटला कुंकू लावायला गेले आणि बघते तर काय, काढलेल्या चाकाच्या जागी ती नवी डिस्क, आणि तिच्यावर लालसर गंज! एका रात्रीत! काल पुसू नको म्हणत होते ते हेच.

वाटीत तलवारीचं तेल उरलं होतं. डिस्क हाताने फिरवत फिरवत दोन्ही बाजूंनी चोळून लावलं, मग फडक्याने पुसून घेतलं, बोटाला लागणार नाही इतपत. काय चकाकली! तलवारीची बहीणच. पलीकडच्या चाकालाही लावणार होते, पण ते चाक बसवलेलं, आणि तिकडे भिंत आणि तुळशीची कुंडी, मला शिरता येईना. एकाचं राहिलं, मनाला चुटपुट लागून राहिली.

तेवढ्यात रमाकांत हजर. त्याच्या घरी दहाला नऊ गाड्यांची पूजा, ही लवकर हवी. शिवांगी धावत आली, कोपराला फाफड्याची पिशवी अडकवून चाक बसवलं. म्हणाली, "काका, मी एक फेरी मारते." तो म्हणाला, "अरे मीच मारतो, हळू चालवीन, चालो!" ती गेटात उभी राहून गाडी वळेपर्यंत बघत होती. मी म्हटलं, "आता कसली काळजी? जलेबी गार होतेय."

४ ऑक्टोबर, शनिवार

रमाकांत गाडी परत घेऊन आला. चहा नको म्हणाला.

"ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढते. पाणीगेटपाशी भाजीच्या लारीवर, हातगाडीवर चाललो होतो, लारीवाल्याने ढकलली म्हणून वाचला. दोन दिवस झाले, कमी होतच नाही. आणि वास येतो, कोणीतरी चकली तळतंय असा."

मी म्हटलं, "दसऱ्याला सगळं गाव तळतं रे, वास येणारच."

त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं. शिवांगीचा चेहरा पांढरा. "काका, मला तीन दिवस द्या," एवढंच म्हणाली. रणवीर दारात उभा होता. रमाकांत गेल्यावर म्हणाला, "दिवाळीपर्यंत थांबायची गरज आहे का?"

रागाने म्हणाला असता तर मी भांडले असते. हळू म्हणाला.

५ ऑक्टोबर, रविवार

आज मी आयुष्यात पहिल्यांदा गाडीच्या चालकाच्या जागेवर बसले! पंच्याहत्तराव्या वर्षी! ह्यांनी मला स्कूटरच्या मागेसुद्धा एका बाजूलाच बसवलं.

ब्रेकच्या नळीत हवा राहिली का बघायचं होतं. मी आत बसून पाय दाबायचा, ती चाकापाशी.

"दाब आजी."

"दाबला."

"धरून ठेव. सोडू नकोस. आता सोड."

"सोडला. परत दाबू?"

"मी सांगेन तेव्हा."

मी मधेच एकदा हॉर्न वाजवून बघितला. ती टाणकन वर आपटली. मग नाही वाजवला.

हवा नव्हती. टायरची हवाही सारखी. मग मला शेजारी बसवून बायपासकडे नेलं. मला तहान लागते म्हणून मी तांब्याभर पाणी घेतलं होतं. तिने ब्रेक दाबला आणि गाडी उजवीकडे सरकली, सगळं पाणी माझ्या डाव्या मांडीवर. "उजवं चाक धरतंय, डावं धरत नाहीये," ती पुटपुटली. आणि खरंच तळणीचा वास आला, मलाही आला.

माझ्या मनात आलं, उजव्या चाकाची सेवा करायची राहिली म्हणून ते रुसलं असेल का? पण बोलले नाही. पोर आधीच वैतागलेली.

६ ऑक्टोबर, सोमवार

तिने डावं चाक खोललं. पॅड बाहेर काढले तर काळे, तुळतुळीत. बोट फिरवून म्हणाली, "तेल."

म्हणाली, नव्या डिस्कचं तेल नीट पुसलं गेलं नसणार, माझीच चूक. मग म्हणाली, नाही, मी तीनदा पुसलं होतं, म्हणजे कुठून तरी गळतंय. दुपारपर्यंत सगळं खोललं. कुठे थेंब नाही. जेवली नाही.

"आलं कुठून ते कळल्याशिवाय नवे पॅड घालून काय उपयोग? तेही असेच जातील. उद्या परत कोणीतरी लारीसमोर. मी नाही देणार गाडी." मग म्हणाली, उद्या रमाकांतकाकांना सांगते, मला जमलं नाही. आणि वर्कशॉपला फोन करते, काउंटरसाठी.

मग पॅड घेऊन माझ्याकडे आली. "आजी, तुझं नाक चांगलंय. कसला वास आहे गं हा?"

घेतला वास.

करपलेले तीळ.

बावन्न वर्षं तो वास माझ्या बोटांना आहे. मी म्हटलं, "काही कळत नाही बाई."

देवासमोर बसून लिहितेय. मी हे काय केलं. सांगितलं तर रमाकांत म्हणेल, जिथे म्हातारी गाड्यांना तेल लावत फिरते तिथे कोण गाडी ठेवणार. नऊ गाड्या जातील. नाही सांगितलं तर पोरगी जाईल काउंटरवर, जन्मभर समजेल की तिला येत नव्हतं. आणि मला भीतीही वाटते, खोटं कशाला लिहू. ती माझ्यावर आजवर कधी रागावलेली नाही.

पण तिला येतं. मी बघितलंय, तिला येतं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

चहाच्या आधी सांगितलं. चहा झाल्यावर हिंमत झाली नसती.

तिने तो पॅड आणून परत नाकाशी धरला. मग म्हणाली, "दोन्ही बाजूंनी लावलंस?"

"हो. हाताने फिरवून."

"आणि उजवीकडे?"

"तिकडे तुळस होती."

ती ओटल्यावर बसली आणि जी हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. मी पाठीवर हात ठेवला तर ठेवू दिला.

मग समजावून सांगितलं. ब्रेक म्हणजे घासणं. घासूनच गाडी थांबते. तेल लावलं तर घासणार काय? तो लाल गंज तर पाण्याने येतोच, पहिल्या दोन ब्रेकमध्ये आपोआप निघतो. "तलवारीला तेल ती वापरायची नाही म्हणून लावतात आजी. ही रोज वापरायची आहे. मी सांगितलं होतं तुला त्या दिवशी, गाडीखालून."

"मला ऐकू आलं नाही."

"मग परत विचारायचंस."

खरं आहे. मी म्हटलं, चूक माझी. ती म्हणाली, "नाही. मी न चालवता गाडी दिली, ही माझी. एक फेरी मारली असती तर गेटाबाहेरच कळलं असतं. लारीवाला बाजूला झाला नसता तर?" चूक कोणाची ह्यावर आम्ही एवढं भांडलो की शेजारीण डोकावली.

रमाकांतला मी सांगते म्हणाली. पण तिच्या हातांना ग्रीस होतं, तोवर मीच फोन लावला. सगळं सांगितलं, तुळशीसकट.

तो म्हणाला, "काकू, तेल तरी कुठलं होतं?"

"घाण्याचं. तिळाचं."

"परवा येतो. मी स्वतः चालवून बघणार. नाही पटलं तर संपलं."

रणवीर आत दाढी करत होता. ऐकलं असणार. पाणी वाहतं सोडून उभा होता.

९ ऑक्टोबर, गुरुवार

नवे पॅड पुन्हा दोन्ही बाजूंना. तेल प्यालेला पॅड कितीही पुसला तरी कामाचा राहत नाही. डिस्क फवाऱ्याने धुतल्या, पॉलिशपेपरने घासल्या. मी लांब, ओटल्यावर, दोन्ही हात पदरात गुंडाळून. मग ती रिकाम्या रस्त्यावर तीसेक वेळा हळूहळू ब्रेक मारून आली, नवे पॅड डिस्कवर बसवायला तसं करतात. दसऱ्याला हेच राहिलं होतं.

रमाकांत आला. गाडी त्याने घेतली, शिवांगी शेजारी, मी मागे. काठोकाठ तांब्या घेऊन. "काकू, हे कशाला?" म्हणाला. मी म्हटलं, "तू चालव."

बायपासला त्याने जोरात ब्रेक दाबला. पाणी पुढच्या काठाला चढलं, थोडं सांडलं, आणि सरळ मागे आलं. ना डावीकडे, ना उजवीकडे. परत दाबला. परत सरळ. स्टिअरिंगवरून त्याने बोटं सैल केली तरी सरळ. वास म्हणाल तर फक्त माझ्या गुडघ्याच्या बामचा.

गाडी कडेला घेऊन तो शिवांगीला म्हणाला, "तू सांगू शकली असतीस ना, पॅडच खराब निघाला, कंपनीचा दोष. मला काय कळणार होतं?"

ती म्हणाली, "मग बाकीच्या आठ गाड्यांना तुम्ही कुठले पॅड घालू दिले असते?"

तो आरशात माझ्याकडे बघून हसला. "सोमवारी दोन पाठवतो. पण पुढच्या दसऱ्याला काकूंना आमच्याकडे जेवायला पाठव. सकाळपासून."

चहा प्यायला. दोन कप.

आता नियम झालाय. तांब्या घेऊन मी बसले नाही तर कुठलीही गाडी गेटाबाहेर जात नाही. शिवांगीने तांब्याला खिळा ठोकून दिलाय, पान्यांच्या शेजारी.

१९ ऑक्टोबर, रविवार

उद्या लक्ष्मीपूजन. चकल्या झाल्या. रमाकांतच्या चार गाड्या झाल्या, पाचवी पोर्चमध्ये. तो "पछी आवीश"वाला खरंच आला!

पण आज गंमत सांगते. सकाळी रणवीरने लिंबाखालची त्याची गाडी काढली आणि घराच्या गेटाशी आणून लावली. शिवांगीला म्हणाला, "डावीकडून चीं चीं येतंय. बघ जरा, वेळ असेल तर."

मी ओटल्यावरच होते. मला काही चीं चीं ऐकू आलं नाही. शिवांगीने चाक खोललं, तर पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक, डिस्क आरशासारखी. "पप्पा, इथे काहीच नाहीये."

"तरी बघून घे. नीट बघ. काय काय बघतेस ते मलाही दाखव."

आणि खाली बसला, पांढऱ्या लेंग्यात, हातात बॅटरी धरून. ती सांगतेय, हा हुम्म हुम्म करतोय. तासभर. मधे त्याचा फोन वाजला, वर्कशॉपवाल्यांचा, काउंटरबद्दल. म्हणाला, "ती कामात आहे," आणि ठेवून दिला. असं तुसडं बोलणं मला आवडलं नाही, सणासुदीचे दिवस.

मग तांब्या घेऊन आम्ही तिघं फेरीला गेलो. सरळ थांबली. तरी हा म्हणतो, "आता आवाज गेला बघ. छान झालं."

कसला आवाज? कुठून गेला? नव्हताच. मला तर काळजीच वाटते. पन्नाशी आली, ह्यांच्याही कानांचं असंच सुरू झालं होतं. दिवाळी झाली की त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेते.